रंगाचा शोध घेणारा चित्रकार : कार्लोस क्रूस-दिएस

चित्रकलेच्या तासाला एकदां आम्हीं मुलांना आंब्याची डहाळी काढावयास दिली होती. सर्वांच्या वह्या पाहत पाहत आम्ही एका विद्यार्थ्याजवळ आलों. त्याचें रेखन उत्तम होतें. पानांवरील शिरासुद्धां त्यानें काळजीपूर्वक काढल्या होत्या. परंतु पानें मात्र त्यानें तपकिरी रंगानें रंगविलीं होतीं. हा मुलगा थट्टा करीत आहे असें आम्हांस वाटलें, आणि आम्हीं त्याला सर्व वर्गादेखत खडसावलें. तो कांहींच बोलला नाहीं. पुढें त्याच्या वडिलांनीं त्याचे डोळे डॉक्टरांकडून तपासून घेतले, तेव्हां समजलें कीं, तांबडा व हिरवा हे दोन रंग त्याला बहुतेकांप्रमाणें वेगवेगळे दिसत नाहींत. जें त्याच्या डोळ्यांना दिसलें, तेंच त्यानें प्रामाणिकपणें कागदावर उतरविलें होतें. चूक त्याची नव्हती, आमची होती.

तेव्हांपासून एक प्रश्न आमच्या मनांत घर करून राहिला आहे. रंग हा नेमका कोठें असतो? तो पानांत असतो, प्रकाशांत असतो, कीं पाहणाऱ्याच्या डोळ्यांत असतो? ह्याच प्रश्नाच्या मागें लागून ज्यांनीं आपल्या आयुष्याचीं साठ वर्षें खर्ची घातलीं, अशा एका चित्रकाराची ओळख आम्ही ह्या लेखांत आमच्या वाचकांस करून देणार आहों. त्यांचें नांव कार्लोस क्रूस-दिएस.

दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यावर व्हेनेझुएला नांवाचा देश आहे. त्या देशाच्या राजधानींत, काराकास शहरीं, १७ ऑगस्ट १९२३ रोजीं क्रूस-दिएस यांचा जन्म झाला. त्यांच्या वडिलांचा सोडावॉटरच्या बाटल्या भरण्याचा एक लहानसा कारखाना होता. तेथें रंगीत कांचेच्या बाटल्यांतून ऊन आंत येई, आणि त्याचे रंगीत कवडसे जमिनीवर व लहानग्या कार्लोसच्या पांढऱ्या सदऱ्यावर पडत. सदऱ्यावर डाग मात्र राहत नसे. मुलगा बाजूस सरला कीं रंगही नाहींसा होई. ही बाळपणची आठवण ते उतारवयांतही सांगत असत. रंग हा वस्तूला चिकटलेलाच असला पाहिजे असें नाहीं, तो प्रकाशाबरोबर येऊन क्षणभर एखाद्या वस्तूवर विसांवतो व निघून जातो, ही गोष्ट ह्या मुलानें पुस्तकांत वाचण्यापूर्वींच आपल्या अंगावर पाहिली होती.

१९४० सालीं ते काराकास येथील कलाशाळेंत दाखल झाले व १९४५ सालीं कलाशिक्षकाची पदविका घेऊन बाहेर पडले. पुढें उदरनिर्वाहासाठीं त्यांनीं एका जाहिरात कंपनींत कलाविभागाचें प्रमुखपद पत्करलें, आणि नंतर 'एल नासियोनाल' ह्या वर्तमानपत्रासाठीं चित्रें काढिलीं. ह्या नोकऱ्यांमुळें आपल्या कलेची वर्षें वायां गेलीं असें एखाद्यास वाटेल. परंतु वस्तुतः त्यांचा मोठाच लाभ झाला. छापील रंगीत चित्र कसें तयार होतें, हें त्यांना जवळून पाहावयास मिळालें. आमच्या विद्यार्थ्यांनीं घरीं एखादें छापील रंगीत चित्र घेऊन तें भिंगाखालीं धरून पाहावें. निळा, किरमिजी, पिवळा व काळा अशा चारच रंगांचे बारीक ठिपके तेथें दिसतील. मनुष्याच्या चेहऱ्याची कांति, भगवा फेटा, हिरवें शेत, हें सर्व त्या चार रंगांच्या ठिपक्यांतून उत्पन्न होतें. कागदावर नसलेला रंग डोळ्यांत तयार होतो, हा पहिला धडा क्रूस-दिएस यांना छापखान्यानें दिला.

तरुणपणीं ते इतर चित्रकारांप्रमाणेंच माणसांचीं चित्रें काढीत. काराकासच्या सभोंवतालच्या टेंकड्यांवर दाटीवाटीनें बांधलेल्या झोंपड्यांतील गरीब लोकांचें जीवन त्यांनीं रंगविलें. परंतु हळूहळू त्यांच्या मनांत असमाधान उत्पन्न झालें. गरिबाचें चित्र श्रीमंताच्या दिवाणखान्यांत टांगलें जातें, आणि ज्याचें तें चित्र, त्याच्या वांट्यास त्यांतून कांहींच येत नाहीं. मग सामान्य मनुष्याला ज्यांत भाग घेतां येईल अशी कला कोणती? १९५४ सालीं त्यांनीं रस्त्यावरील भिंतींसाठीं कांहीं आराखडे तयार केले. त्यांतील भाग येणाऱ्याजाणाऱ्यानें स्वतःच्या हातानें हलवावे, अशी ती कल्पना होती. पाहणाऱ्यावांचून चित्र पुरें होत नाहीं, हा त्यांच्या पुढील सर्व कार्याचा पाया येथें घातला गेला.

त्याच सुमारास युरोपांतही असाच विचार चालू होता. १९५५ सालीं पॅरिसमधील डेनीज रने यांच्या कलादालनांत 'गति' ह्या विषयावर एक प्रदर्शन भरलें. काल्डर, वासारेली, टिंगेली, आगाम आणि व्हेनेझुएलाचेच हेसूस सोतो, अशा कलावंतांच्या कृति त्यांत मांडल्या होत्या. कांहीं कृति खरोखरच हलत, तर कांहीं स्थिर असून पाहणारा चालूं लागला कीं हलल्यासारख्या भासत. ह्या कलाप्रकारास गतिकला असें म्हणतात. क्रूस-दिएस १९५५ सालीं स्पेनमध्यें राहावयास गेले, १९५७ सालीं काराकासला परतले, आणि १९६० सालापासून पॅरिस हेंच त्यांचें कायमचें कार्यस्थान झालें. सोतो प्रभृतींनीं आकाराला गति दिली. क्रूस-दिएस यांनीं रंगाला गति देण्याचें ठरविलें.

हें ठरविण्यापूर्वीं त्यांनीं पूर्वसूरींच्या ग्रंथांचा अभ्यास केला. न्यूटननें लोलकांतून सूर्यप्रकाश नेऊन त्याचें पृथक्करण केलें व १७०४ सालीं आपला प्रकाशविषयक ग्रंथ प्रसिद्ध केला, हें आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. जर्मन महाकवि गटे यानें १८१० सालीं रंगांवर ग्रंथ लिहून पाहणाऱ्याच्या डोळ्याकडे लक्ष वेधलें. तिसरें नांव फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांचें. ते पॅरिसमधील गोब्लँ येथील सरकारी गालिचे-पडदे विणण्याच्या कारखान्यांत रंगखात्याचे प्रमुख होते. कारखान्यांतील काळा रंग निस्तेज दिसतो अशी त्यांच्याकडे तक्रार आली. शेव्रल यांनीं लोंकर तपासली. तिच्या रंगांत कांहींच खोट नव्हती. दोष शेजाऱ्याचा होता! काळ्या धाग्याच्या शेजारीं निळे व जांभळे धागे आल्यामुळें काळा रंग फिका भासत होता. एक रंग शेजारच्या रंगाचें रूप पालटतो, हा नियम त्यांनीं १८३९ सालीं सविस्तर ग्रंथरूपानें मांडला.

शास्त्रज्ञांना जें ठाऊक झालें होतें, तें सामान्य माणसाच्या अनुभवास कसें आणून द्यावयाचें, हा क्रूस-दिएस यांच्यापुढील प्रश्न होता. त्याचें उत्तर एका साध्या निरीक्षणानें सांपडलें. उघड्या पुस्तकाचें एक पान तांबडें व समोरचें पान पांढरें असेल, तर पुस्तक अर्धवट मिटतांना पांढऱ्या पानावर गुलाबी झांक पडते. पांढऱ्या पानाला कोणीं रंग लावलेला नसतो. तांबड्या पानावर पडलेला प्रकाश उलटून त्यावर येतो, आणि येतांना तांबडेपणा बरोबर आणतो. हा प्रयोग आमच्या विद्यार्थ्यांनीं खिडकीजवळ बसून अवश्य करून पाहावा. त्यास एक तांबडा कागद व एक कोरी वही यांखेरीज दुसरें कांहींच लागत नाहीं.

ह्या निरीक्षणाच्या आधारें १९५९ सालीं त्यांनीं आपली पहिली 'फिझिक्रोमी' तयार केली. 'क्रोमा' म्हणजे ग्रीक भाषेंत रंग. तेव्हां ह्या नांवाचा अर्थ 'भौतिक रंग' असा करतां येईल. तिची रचना अशी : एका सपाट फलकावर अरुंद पट्ट्या एकमेकींस समांतर व धारेवर उभ्या बसविलेल्या असतात. पट्टीच्या डाव्या अंगास एक रंग, उजव्या अंगास दुसरा, आणि मधल्या मोकळ्या जागेंत आणखी कांहीं रंगीत रेषा असतात. डावीकडून पाहिलें तर एक चित्र दिसतें, उजवीकडून दुसरें. समोर उभें राहिलें तर पट्ट्यांच्या धारा व त्यांमधील खोलगट जागा दिसते, आणि त्या जागेंत दोन्ही अंगांकडून उलटून आलेले रंग तरंगत असतात. पाहणारा चालूं लागला कीं चित्रही पालटूं लागतें. सकाळचें ऊन, दुपारचें ऊन व दिव्याचा उजेड यांतही तें निरनिराळें दिसतें. आरंभीं ह्या पट्ट्या पुठ्ठ्याच्या होत्या; पुढें प्लास्टिक व ॲल्युमिनियम यांचा उपयोग होऊं लागला. पट्ट्या अचूक कापण्यासाठीं लागणारीं कित्येक यंत्रें व हत्यारें ह्या चित्रकारानें स्वतः योजिलीं. अशा शेंकडों फिझिक्रोमी त्यांनीं जन्मभर केल्या व प्रत्येकीस अनुक्रमांक दिला.

त्याच वर्षीं त्यांनीं दुसरी एक गोष्ट सिद्ध करून दाखविली. तांबड्या व हिरव्या रंगाच्या अतिशय बारीक रेषा शेजारीं शेजारीं काढल्या, तर दुरून तेथें पिवळा रंग दिसूं लागतो. रंगाच्या वाटींत तांबडा व हिरवा कालविला तर मळकट तपकिरी रंग होतो, हें प्रत्येक विद्यार्थ्यानें अनुभविलें असेल. मग येथें पिवळा कोठून आला? ह्याचें कारण असें कीं, वाटींत आपण रंगद्रव्यें मिसळतों, आणि तेथें प्रत्येक द्रव्य प्रकाशाचा कांहीं भाग गिळून टाकतें. बारीक रेषांच्या बाबतींत मात्र दोन्हींकडून आलेला प्रकाश डोळ्यांत एकत्र होतो. आपल्या डोळ्यांच्या आंत मागील बाजूस दृष्टिपटल असतें. त्यावर रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या पेशी असतात. स्थूलमानानें त्यांना तांबड्या, हिरव्या व निळ्या प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या पेशी म्हणतां येईल. पहिल्या दोन प्रकारच्या पेशी एकाच वेळीं जाग्या झाल्या, कीं मेंदू त्या जाणिवेस 'पिवळा' असें नांव देतो. ज्या मुलाचा उल्लेख आम्हीं आरंभीं केला, तशांच्या डोळ्यांत ह्यांपैकीं एका प्रकारच्या पेशी नसतात, किंवा असल्या तरी निराळ्या रीतीनें काम करितात. म्हणून पिकलेलें फळ व हिरवें पान यांतील जो भेद आपणांस सहज दिसतो, तो त्यांना दिसत नाहीं.

१९६३ सालापासून त्यांनीं डोळ्याच्या आणखी एका धर्माचा उपयोग केला. तांबड्या ठिपक्याकडे अर्धा मिनिट टक लावून पाहावें व नंतर पांढऱ्या भिंतीकडे नजर वळवावी. भिंतीवर निळसर हिरवा ठिपका दिसतो. थकलेला डोळा विरुद्ध रंग उत्पन्न करितो. क्रूस-दिएस यांच्या कांहीं चित्रांत निळ्या, काळ्या व पांढऱ्या रेषाच असतात, आणि तरीही पाहणाऱ्यास तेथें पिवळी छटा दिसते. तो पिवळा रंग जवळ जाऊन शोधला तर सांपडत नाहीं, कारण तो फलकावर कोणींही लावलेला नाहीं.

१९६५ सालीं त्यांनीं ह्याहून धाडसी कल्पना मांडली. तीन शुभ्र खोल्या. एकींत केवळ तांबडा प्रकाश, दुसरींत हिरवा, तिसरींत निळा. भिंतीवर चित्र नाहीं, आकृति नाहीं. पाहावयाचें तें एवढेंच कीं आपण रंगाच्या आंत उभे आहों. आपल्या डोळ्यांना नेहमीं अनेक रंग एकदम पाहण्याची संवय असते. एकाच रंगांत सांपडले म्हणजे ते गोंधळतात. कांहीं वेळानें तांबडी खोली फिकट वाटूं लागते, आणि तेथून हिरव्या खोलींत पाऊल टाकतांच हिरवा रंग विलक्षण गडद भासतो. १९६९ सालीं पॅरिसच्या ओदेऑं चौकांत, भर रस्त्यावर, त्यांनीं अशा रंगीत खोल्या उभारल्या. ज्यानें कधीं चित्रसंग्रहालयाची पायरी चढली नसेल, अशा पादचाऱ्यासही रस्त्यानें जातां जातां आंत शिरावें व आपल्या डोळ्यांचें कौतुक पाहावें, अशी ही सोय होती. टेंकडीवरच्या झोंपड्या रंगवितांना जो प्रश्न त्यांना सतावीत होता, त्याचें हें उत्तर होय.

आतां त्यांना जगन्मान्यता मिळाली होती. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयानें १९६५ सालीं भरविलेल्या 'द रिस्पॉन्सिव्ह आय' ह्या गाजलेल्या प्रदर्शनांत त्यांच्या कृति होत्या, आणि १९७० सालीं व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनांत त्यांनीं आपल्या देशाचें प्रतिनिधित्व केलें. तथापि त्यांचें मन रमे तें मोकळ्या जागेंतील कामांत. व्हेनेझुएलांतील कारोनी नदीवर गुरी येथें प्रचंड धरण आहे. तेथील विद्युत्केंद्राच्या यंत्रशाळा १९७७ ते १९८६ ह्या काळांत त्यांनीं रंगरेषांनीं सजविल्या. १९९७ सालीं काराकास येथें त्यांच्या नांवें मुद्रणचित्रांचें व आकृतिकलेचें संग्रहालय निघालें. २०१४ सालीं, वयाच्या नव्वदाव्या वर्षीं, त्यांनीं इंग्लंडांतील लिव्हरपूल येथें एका जुन्या जहाजास आपल्या रंगीत पट्ट्यांचा पेहराव चढविला. पहिल्या महायुद्धांत शत्रूच्या पाणबुड्यांची नजर फसविण्यासाठीं जहाजें चित्रविचित्र पट्ट्यांनीं रंगवीत असत. त्या गोष्टीची ती स्मृति होती.

परंतु त्यांची जी कृति लोकांच्या सर्वांत जिव्हाळ्याची झाली, ती कोणत्याही संग्रहालयांत नाहीं. ती लोकांच्या पायांखालीं आहे. काराकासजवळ मायकेतिया येथें सिमोन बोलिव्हार विमानतळ आहे. १९७४ ते १९७८ ह्या काळांत तेथील जमिनीवर व भिंतीवर क्रूस-दिएस यांनीं लहान लहान फरशांच्या रंगीत रेषांची एक विस्तीर्ण रचना केली. प्रवासी चालूं लागला कीं त्या रेषा एकमेकींत मिसळतात, नवे रंग दिसतात व मावळतात. ज्या काळीं ती रचना झाली, त्या काळीं देश तेलाच्या उत्पन्नानें संपन्न होता, आणि परदेशांतून लोक तेथें पोटासाठीं येत असत. पुढें काळ फिरला. २०१४ सालानंतर महागाई, अन्नटंचाई व राजकीय अस्थिरता यांनीं देश ग्रासला, आणि संयुक्त राष्ट्रांच्या आंकड्यांप्रमाणें सत्तर लाखांहून अधिक लोकांनीं आपली मायभूमि सोडली. त्यांतील जे विमानानें गेले, त्यांना त्या रंगीत जमिनीवरूनच जावें लागे. निघण्यापूर्वीं खालीं पाहून, त्या रेषांवर उभ्या असलेल्या आपल्या पायांचें छायाचित्र घेण्याची रीतच पडून गेली. मातापित्यांचा निरोप घेतलेल्या मुलामुलींच्या जवळ मायदेशाची शेवटची खूण म्हणून तेंच छायाचित्र राहिलें.

ह्या गोष्टींत आम्हांस फार मोठा अर्थ दिसतो. रंगाला भूतकाळ नाहीं व भविष्यकाळ नाहीं, तो आतां, ह्या क्षणीं घडत असतो, असें क्रूस-दिएस यांचें मत होतें. १९८९ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या रंगविषयक ग्रंथांतही त्यांनीं रंगाविषयींचे आपले विचार मांडले. पाहणारा सरकला कीं मावळणारा रंग त्यांनीं त्या जमिनीवर मांडला. लोकांनीं मात्र त्यांतच आपली कायमची आठवण सांठविली. चित्रकारानें रेषा दिल्या, प्रकाशानें रंग दिला. आणि पाहणाऱ्यांनीं त्यांत जें घातलें, तें चित्रकाराच्या स्वप्नांतही आलें नसेल. पाहणाऱ्यावांचून चित्र पुरें होत नाहीं, हें त्यांचें म्हणणें अशा रीतीनें खरें ठरलें.

२७ जुलै २०१९ रोजीं, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षांत, पॅरिस येथें त्यांचें निधन झालें. शेवटपर्यंत त्यांच्या कर्मशाळेंत त्यांचीं मुलें व नातवंडें त्यांच्याबरोबर काम करीत असत.

आतां आमच्या त्या विद्यार्थ्याविषयीं दोन शब्द सांगून हा लेख पुरा करितों. क्रूस-दिएस यांची माहिती वर्गांत सांगितल्यावर आम्हीं मुलांकडून एक लहानसा फलक करवून घेतला. जाड कागदाच्या अर्ध्या इंच रुंदीच्या पट्ट्या कापल्या, एका अंगास तांबडा व दुसऱ्या अंगास हिरवा रंग लावला, आणि त्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर अर्ध्या अर्ध्या इंचाच्या अंतरानें धारेवर चिकटविल्या. फलक खिडकीसमोर ठेवून मुलें एकामागून एक त्याच्यापुढून चालत गेलीं. डावीकडून तांबडा, उजवीकडून हिरवा, असा एकच गलका झाला. शेवटीं तो मुलगाही गेला. मग तो परत मागें आला, व पुन्हां पुढें गेला. "सर, मला दोन्हींकडून रंग सारखाच दिसतो," तो म्हणाला, "पण इकडून गडद आहे आणि तिकडून उजळ. चालतांना बदलतो." वर्गांत कोणीही हंसलें नाहीं. उलट, त्याला आणखी काय काय कसें दिसतें, हें विचारण्यासाठीं मुलें त्याच्याभोंवतीं गोळा झालीं, आणि तासाची घंटा झाली तरी त्यांचे प्रश्न संपले नव्हते.

पालकांस आमची एवढीच विनंति आहे, कीं आपलें मूल रंग ओळखण्यांत चुकत असेल, तर त्यास रागें भरण्यापूर्वीं त्याचे डोळे एकदां तपासून घ्यावे. हा दोष बहुधा जन्मतःच असतो व तो मुलींपेक्षां मुलग्यांत अधिक आढळतो. त्यामुळें बुद्धीस किंवा अभ्यासास कमीपणा येत नाहीं. आणि विद्यार्थ्यांनो, तो फलक चित्रकलेच्या वर्गाच्या खिडकींत अद्याप ठेवलेला आहे. ज्यांनीं पाहिला नसेल त्यांनीं सकाळीं एकदां व शाळा सुटतांना एकदां त्याच्यापुढून चालत जावें, आणि आपणांस काय दिसलें तें शेजाऱ्यास विचारण्याआधीं वहींत लिहून ठेवावें.